चुकलेले काउंट

"मॅडम, पव्वा म्हणजे काय?"

आठवीतल्या मुलीनं हे विचारलं तेव्हा मी तिच्या खांद्यावर ओढणीला पिन लावत होते. तोंडात चार पिना धरलेल्या होत्या, त्यामुळे लगेच उत्तर द्यावं लागलं नाही. पिना संपल्यावर म्हटलं, "काही नाही गं, गाण्यात असतं तसं. तू काउंटकडे लक्ष दे."

डिसेंबर २०१२ची गोष्ट. कराडच्या एका शाळेच्या गॅदरिंगचे नाच मी बसवत होते. गाणं होतं 'अग्निपथ'मधलं 'चिकनी चमेली'. सिनेमा त्याच वर्षी जानेवारीत आलेला आणि वर्षभर वराती, गणपती, बारसं, सगळीकडे तेच वाजत होतं. त्याची चाल मुळात आपलीच, अजय-अतुल यांच्या 'जत्रा'मधल्या 'कोंबडी पळाली'ची. २००६पासून आमच्या भागातली लहानथोर माणसं त्या ठेक्यावर नाचली होती. चाल घरची असल्यामुळे हिंदी शब्द कुणी नीट ऐकलेच नाहीत. शाळेनं गाण्यांची यादी मागितली, मी दिली, मुख्याध्यापकांनी सही केली. बारा-तेरा वर्षांच्या आठ मुली पव्वा चढवून आलेल्या बाईचं गाणं करणार होत्या आणि त्यातल्या एकीलाही त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. मला ठाऊक होता.

याच्या मुळाशी असलेल्या माझ्या चुकीबद्दल आधी सांगते, कारण ती माझ्या धंद्यातली आहे आणि बाहेरच्याला सहसा दिसत नाही.

आयटम साँगमध्ये नाच अर्धाच असतो, उरलेलं काम कॅमेरा करतो. तो खालून वर सरकतो, जवळ जातो, नाचणारीचा चेहरा कापून फक्त अंगाचा एक भाग पडद्यावर ठेवतो. मध्येच गर्दीतल्या पुरुषांचे चेहरे दाखवतो, म्हणजे घरी बसलेल्यालाही कळावं की आपण कुठून बघायचं आहे. गॅदरिंगच्या स्टेजवर असा कॅमेरा नसतो. मग ते गाणं 'तसंच' दिसावं म्हणून आम्ही नाच बसवणारे काय करतो? कॅमेऱ्याचं काम मुलीकडून करून घेतो. पडद्यावर कॅमेरा जिथं जातो, तिथं प्रेक्षकाची नजर नेणारे हात बसवतो. कॅमेरा थांबतो तिथं तिला थांबवतो. "समोर बघ, लाजू नको, एक्स्प्रेशन दे," असं ओरडतो. नाच शिकवतोय असं आम्हाला वाटत असतं. प्रत्यक्षात त्या पोरीला स्वतःकडे बाहेरून बघायला शिकवत असतो, आणि तेही एका अनोळखी मोठ्या माणसाच्या डोळ्यांनी. हे मी दहा-बारा वर्षं केलं. त्याचे पैसे घेतले आणि हारही घेतले.

मी हे शिकले कुठं? १९९३ साली 'खलनायक' आला तेव्हा मी स्वतः तेरा वर्षांची होते. 'चोली के पीछे'वरून केवढा गहजब झाला, प्रकरण दिल्लीच्या कोर्टापर्यंत गेलं. आमच्या घरी मात्र एवढंच व्हायचं, की गाणं लागलं की बाबा उठून चॅनेल बदलायचे. काय वाईट, का वाईट, यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. मी दार लावून आईच्या कपाटाच्या आरशासमोर तो नाच पाठ केला. पुढं २००२मध्ये होस्टेलच्या टीव्हीवर 'काँटा लगा'चं रिमिक्स दिवसातून दहादा लागायचं. मूळ गाणं 'समाधी'तलं, १९७२चं, लताबाईंचं. आवाजात काडीचा वंगाळपणा नाही. त्यावर नवा व्हिडिओ चढवला आणि आमच्याच वयाची एक मुलगी रातोरात देशभरच्या टपऱ्यांवर पोस्टर होऊन लागली. आम्ही होस्टेलच्या मुली तिच्यासारखी जीन्स घालून बघायचो आणि पोट आत ओढून एकमेकींना विचारायचो, "बरं दिसतंय का?" बरं वाटतंय का, असं कुणी विचारल्याचं आठवत नाही.

तेव्हाचं जे कानाआड झालं ते २०१२मध्येही झालं. उलट त्या डिसेंबरात तरी मी सावध व्हायला हवं होतं. दिल्लीच्या बसमध्ये एका तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला होता, त्यानं सगळा देश हादरलेला होता. आमच्याकडेही मेणबत्त्या घेऊन मोर्चा निघाला. माझ्या नाचातल्या आठही मुली त्यात होत्या, मीही होते. मोर्चा संपल्यावर आम्ही शाळेच्या हॉलमध्ये आलो, मेणबत्त्या खिडकीत ठेवल्या आणि मी पेनड्राइव्ह लावला. अशा गाण्यांमुळे बलात्कार होतात, असं मी म्हणत नाही. तेवढं सोपं गणित असतं तर एव्हाना सुटलं असतं. पण त्या संध्याकाळी दोन्ही गोष्टी एकाच हॉलमध्ये होत्या आणि मला त्यांचा एकमेकींशी काही संबंध दिसला नाही, हे लिहिताना आजही हात जड होतो.

पिन लावताना प्रश्न विचारणारी ती मुलगी माझ्या क्लासमधली सगळ्यात लयदार मुलगी होती. नाव लिहीत नाही. तिला ठेका शिकवावा लागायचा नाही. रस्त्यानं चालताना चप्पल सुद्धा समेवर पडायची. महिनाभर प्रॅक्टिसमध्ये, शाळेच्या ढगळ पंजाबी ड्रेसवर, तिचा एकही काउंट चुकला नाही. मग गॅदरिंगच्या दोन दिवस आधी भाड्याचे कपडे आले. ब्लाउज मोठ्या बाईच्या मापाचे, आम्ही ते टाचून टाचून मुलींच्या मापाचे केले. आणि ती चुकायला लागली. सातवर वळायचं तर सहावर वळायची. हात मध्येच ब्लाउज खाली ओढायला जायचा. "मॅडम, मी मागच्या ओळीत जाऊ का?" म्हणाली. मी म्हटलं, "नखरे नकोत आता." आदल्या दिवशी पोटात दुखतंय म्हणाली. तिच्या आईला मी फोनवर सांगितलं की गोळी द्या आणि पाठवा.

बऱ्याच वर्षांनी शिक्षकांच्या एका कार्यशाळेत मी एक प्रयोग ऐकला. १९९८मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी तो केला होता. कॉलेजच्या मुलींपैकी काहींना स्वेटर घालायला दिला, काहींना पोहण्याचा पोशाख. खोलीत त्या एकट्याच, समोर आरसा. मग त्यांना गणितं सोडवायला दिली. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींना कमी गणितं आली. मुलांमध्ये असा फरक पडला नाही. बघणारं दुसरं कुणीच नव्हतं. निम्मं लक्ष 'मी कशी दिसते' यावर पहारा द्यायला गेलं आणि उरलेलं गणिताला कमी पडलं. हे ऐकताना मला तो टाचलेला ब्लाउज आठवला. ती सातऐवजी सहावर का वळत होती, ते मला त्या दिवशी कळलं. तिचा सराव कमी पडला नव्हता. तिच्या डोक्यातली जागा मी दुसऱ्याच कामाला लावली होती. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या २००७च्या अहवालात मुलींना लहान वयात असं लैंगिक नजरेखाली आणण्याचे परिणाम मांडलेत, म्युझिक व्हिडिओंसकट. खाण्याच्या तक्रारी, स्वतःबद्दलची नावड, नैराश्य. मला मात्र सगळ्यात लागलं ते गणितच.

गॅदरिंगच्या रात्री हॉल खचाखच भरला होता. मागं नववी-दहावीची मुलं, कडेनं पालक, पहिल्या रांगेत संस्थेची माणसं. गाणं सुरू झालं आणि शिट्ट्या पडायला लागल्या. त्यात आईवडिलांचं कौतुक होतं, तसं मागच्या बाजूचं दुसरंही काही होतं. शिट्टीत फरक असतो, आणि स्टेजच्या कडेला इतकी वर्षं उभं राहिल्यावर तो कळतो. "वन्स मोअर"चा गलका झाला. मुली धापा टाकत विंगेकडे आल्या. तिनं माझ्याकडे बघून मान हलवली. नाही, एवढंच. मी हातानं खूण केली की पुन्हा.

ती खूण मी आयुष्यात इतर कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त वेळा आठवली आहे.

पुढं जे झालं ते झटपट झालं. कुणीतरी मोबाइलवर शूटिंग केलेलं ब्लूटूथवरून गावभर गेलं. मी स्वतः नाचाची सीडी काढली आणि नव्या ॲडमिशनला येणाऱ्या पालकांना क्लासच्या टीव्हीवर दाखवायला लागले. शाळेत पोरं तिला 'चमेली' म्हणून हाका मारायला लागली. तिचं खरं नाव मागं पडलं. फेब्रुवारीपासून ती क्लासला आली नाही. आई म्हणाली, "अभ्यासाचं बघतीय आता." मी ते खरं धरलं, कारण खरं धरणं सोयीचं होतं. 'काँटा लगा'मधली शेफाली जरीवाला २०२५च्या जूनमध्ये अकाली गेली, तेव्हा तेवीस वर्षांनंतरही बातम्यांच्या मथळ्यात तिच्या नावाआधी ते गाणंच होतं. मी तो मथळा बघितला आणि वर्तमानपत्र घडी करून ठेवून दिलं.

असे नाच बसवत होते त्या काळात कुणी हटकलंच तर माझ्याकडे एक उत्तर तयार असायचं. "मग लावणीत काय वेगळं असतं? 'सोळावं वरीस धोक्याचं' कुणाबद्दल आहे?" समोरचा गप्प बसायचा. वरवर बिनतोड वाटणारं उत्तर, पण लबाडीचं. ते गाणं १९६४च्या 'सवाल माझा ऐका'मधलं, सुलोचना चव्हाणांनी गायलेलं. सुलोचनाबाई दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन, एका जागी उभ्या राहून लावणी गायच्या. शब्दातली प्रत्येक खोच त्यांना माहीत होती आणि ती कुठं सोडायची, कुठं राखायची, हे त्यांच्या हातात होतं. लावणी करणारी बाई जाणती असते. समोरच्याला खेळवायचं की उठवून लावायचं, ते ती ठरवते. मी मुलींना अदा दिल्या आणि अर्थ लपवून ठेवला.

यानंतर मी दुसरी चूक केली, आणि ती पहिलीच्या उलट दिशेनं. त्या गॅदरिंगनंतर दोन-तीन वर्षांनी माझी स्वतःची मुलगी मोठी व्हायला लागली, मग मला सगळं एकदम टोचायला लागलं. मी क्लासमध्ये तसली गाणी बंद केली. इथवर ठीक. पण मी मुलींवर घसरायला लागले. कुणाचा टी-शर्ट आखूड, कुणाची लिपस्टिक, कुणी रिहर्सलच्या मध्ये टीव्हीवरची एखादी स्टेप करून बघितली की, "शोभतं का हे? घरी असंच करता का?" एकदा दहावीतल्या एका मुलीला सगळ्यांसमोर असं बोलले. ती जुन्या आठ जणींतल्या एकीची धाकटी बहीण. शांतपणे म्हणाली, "मॅडम, ही स्टेप ताईला तुम्हीच शिकवली होती. घरी सीडी आहे की."

मी काही बोलू शकले नाही. मी व्हिडिओवाल्यांवर रागवायच्या ऐवजी, स्वतःवर रागवायच्या ऐवजी, त्या पोरींवर रागवत होते. बाबा चॅनेल बदलायचे ते तरी गप्प राहून.

२०१९च्या जूनमध्ये माहिती आणि प्रसारण मंत्रालयानं वाहिन्यांना सूचना काढली, की रिअॅलिटी शोमध्ये लहान मुलांकडून मोठ्यांच्या सिनेमातले सूचक, वयाला न शोभणारे नाच करून घेऊ नका. वाहिन्यांपुरती सूचना होती ती. शाळेच्या हॉलमध्ये, सोसायटीच्या मांडवात काय चालतं, तिथं दिल्लीचा कागद पोचत नाही. तिथं मी असते. श्रेया घोषाल यांनी अलीकडे एका मुलाखतीत सांगितलं, की लहान मुली त्यांना 'चिकनी चमेली' गाऊन दाखवतात, अर्थ काहीच कळत नसतो, तेव्हा त्यांना संकोच वाटतो. त्यांनी गाणं मोठ्यांच्या सिनेमासाठी गायलं होतं. ते सातवी-आठवीच्या वर्गापर्यंत आणून सोडणारे मधले हात माझे होते.

आता गाणं आलं की मी टीव्ही लावत नाही. आधी नुसतं ऐकवते, दोनदा. मग मुलींना शब्द वहीत उतरवायला सांगते आणि ज्या शब्दाचा अर्थ विचारतील तो सांगते, अवघड वाटला तरी. पव्वा म्हणजे दारूची छोटी बाटली, हेही सांगते. कधी मुली आपणहून म्हणतात की दुसरं घेऊ. कधी हट्ट धरतात, "पण ठेका भारी आहे ना मॅडम!" ठेका भारी असतोच. मग मी त्या ठेक्यावर पायांचं काम बसवते आणि बाकी सोडून देते. पालक म्हणतात, पूर्वीसारखी मजा नाही. गेल्या वर्षी दोन शाळांनी मला बोलावलं नाही.

या जूनमध्ये ती आली, पव्वा म्हणजे काय विचारणारी. बहिणीच्या मुलीला क्लासला घालायला. आता पंचविशीची आहे, पुण्यात नोकरी करते. मी ओळखलं, तिनंही. फॉर्म भरून झाल्यावर मी म्हटलं, "तुला तेव्हा पुन्हा स्टेजवर पाठवायला नको होतं मी. चुकलं माझं." ती पेनाचं टोपण लावत राहिली. मग म्हणाली, "मला नाच आवडायचा हो, मॅडम." आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली.

आत लहान मुलींना मी दादऱ्याचा ठेका देत होते. दारातून बघितलं तर तिची चप्पल फरशीवर पडत होती, बरोबर समेवर. मी बघतेय हे तिच्या लक्षात आलं आणि पाय थांबला.

मी तोंड फिरवलं, भिंतीकडे बघत टाळ्या देत राहिले. थोड्या वेळानं चप्पल पुन्हा ऐकू यायला लागली.