काळे चौकोन

"दादा, यातलं कुठलं पाठवू?" असं विचारत शनिवारी सकाळी बहिणीने तीन पीडीएफ मेल केल्या. हॉलमधून बेडरूममध्ये. मुलुंडच्या वन बीएचकेत यापेक्षा लांब मेल जात नाही.

तर झालं असं, की फोर्टातल्या एका लॉ फर्मने तिच्याकडे सीव्हीबरोबर राइटिंग सॅम्पल मागितलं होतं. दहा पानांच्या आत, स्वतः लिहिलेलं. आता मी पडलो कोडवाला, मला काय कळतंय? पण दादागिरी करायची संधी कोण सोडतो!

पहिलं मूट कोर्टाचं मेमोरियल. तिघांनी मिळून लिहिलेलं, आणि त्यातला चांगला भाग नेमका मैत्रिणीचा. बाद. दुसरा सेमिनार पेपर, श्रेया सिंघल खटल्यावरचा. २०१५ साली सुप्रीम कोर्टाने आयटी कायद्याचं ६६ए कलम रद्द केलं, तो निकाल. आयटी म्हटल्यावर मी उत्साहाने उघडला, तर चाळीस पानं आणि निम्म्या तळटीपा. जांभई.

तिसरी मात्र झकास होती. इंटर्नशिपमध्ये तिने ड्राफ्ट केलेली नोटीस. मुद्देसूद, धारदार. अशिलाच्या नावांवर काळे चौकोन काढलेले. "हीच पाठव," मी म्हणणार होतो, पण सवयीने त्या चौकोनावरून माउस ओढला, कॉपी केलं आणि नोटपॅडमध्ये पेस्ट केलं.

पूर्ण नाव. पत्ता. थकलेली रक्कम.

चौकोन नुसता वरून चिकटवलेला, खाली अक्षरं जशीच्या तशी! मी हाक मारली. ती आली, बघितलं आणि मटकन खाली बसली. अशिलाची माहिती वकिलाने फोडायची नाही हे १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १२६ होतं, १ जुलै २०२४ पासून ते साक्ष्य अधिनियमात कलम १३२ झालं, कारकून-कर्मचाऱ्यांनाही लागू... हे सगळं तिनेच मला रडवेल्या आवाजात सांगितलं. शिवाय धार तिच्या सीनियरची होती, हेही.

"मग माझं असं काहीच नाही?"

मला एकदम सोसायटीची नोट आठवली. २००८ च्या दुरुस्तीपासून मोफा कायद्याखाली बिल्डरने जमीन नावावर करून दिली नाही, तर सोसायटी थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हा उपनिबंधकाकडे जाऊ शकते. सरकारी मराठीत मानीव अभिहस्तांतरण! कमिटीतल्या कोणालाच तो शब्द नीट उच्चारता येईना, म्हणून हिने दोन पानांत समजावून दिलं होतं. कागदपत्रं कुठली, आपल्याकडे काय नाही, बिल्डर काय हरकत घेईल. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ती वाचून मीटिंगमध्ये सेक्रेटरीला गप्प केलं होतं.

"ते काय सॅम्पल आहे? ते तर मराठीत, सोसायटीसाठी..."

"तुझं आहे ना?"

रात्रभर बसून तिने ती इंग्रजीत नव्याने लिहिली, कलमांचे संदर्भ घातले, चार पानं झाली. सोसायटीचं नाव मुळातूनच काढलं आणि कमिटीला विचारूनही घेतलं. (काकूंना आपलाही उल्लेख हवा होता. असो.) रविवारी रात्री पाठवलं. अजून उत्तर नाही.

मी मात्र तेव्हापासून क्लायंटला पाठवलेल्या माझ्या जुन्या पीडीएफ एकेक उघडून काळ्या चौकोनांवरून माउस ओढतोय. सतरा झाल्या. दोन सापडल्या.