कडेला गडद

मी शाई करते, आणि माझ्या शाईला वास नाही.

तक्रार म्हणून सांगत नाही. वास नसणं हे आमच्या धंद्यात यशच म्हणायचं. फ्लेक्सच्या दुकानापाशी क्षणभर उभं राहून बघा; कुणाच्या तरी वाढदिवसाचा बोर्ड यंत्रातून हळूहळू उतरत असतो आणि त्या सॉल्व्हंटच्या शाईचा भपका आधी डोळ्यांत येतो, मग घशात बसतो. आमची शाई पाण्यातली. झाकण काढून नाक अगदी बाटलीच्या तोंडाशी नेलं तरी लागतो तो नुसता ओलावा, फार तर कसला तरी पुसट, गोडसर भास. अंबडच्या एमआयडीसीत, एका पत्र्याच्या शेडच्या मागच्या अंगाला आमची लॅब आहे. तिथं बावीस वर्षं मी शाया घडवते आहे, आणि या बावीस वर्षांत एकही नवी बॅच अशी गेली नाही, जी मी आधी हुंगून पाहिली नाही. लॅबमधली पोरं हसतात. ‘मॅडम, वासावरून पीएच कळतो का?’ मीही हसते. मी त्या बाटलीत काय शोधते, ते त्यांना कसं सांगणार?

मी लवंग शोधते.

निफाड तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरी दिवाळीच्या आधी आठवडाभर आजी एरंडेलाचा दिवा लावायची आणि त्याच्यावर तांब्याचं ताट पालथं धरून ठेवायची, तीन दगडांच्या आधारानं. सकाळी ताटाच्या पोटाला मखमलीसारखी काजळी धरलेली असे. ती पिसानं झाडून कागदावर घ्यायची, तेव्हा घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, पंख्यानं वारा घ्यायचा नाही, मुलांनी तर श्वाससुद्धा जपून सोडायचा. बांधावरच्या बाभळीचा डिंक रात्रभर भिजलेला असे. मग आजोबा ओसरीवर दगडी खल पुढ्यात घेऊन बसत आणि घोटत. घोटतच राहत. दुपारची उन्हं ओसरीच्या एका खांबावरून दुसऱ्या खांबावर सरकत, आजीचा चहा येऊन निवून जाई, आणि बत्त्याचा तो ओला, घुमणारा आवाज चालूच असे. शेवटी ते दोन लवंगा ठेचून शाईत टाकत. डिंकाचं पाणी आंबतं, त्याला बुरशी धरते, म्हणून. दौतीचं बूच काढलं की आधी लवंग यायची, तिच्यामागून विझलेल्या दिव्याचा वास, आणि सगळ्यांत शेवटी, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा, ओल्या डिंकाचा आंबूस दर्प.

तसं बघितलं तर याची काही गरज नव्हती. दुकानात शाई मिळत होती. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईच्या पुड्या आणि गोळ्यांपासून जो उद्योग मांडला, त्याची ‘कॅमल’ तोवर घरोघरी पोचली होती. बाबांच्या पेनात तीच असे. पण वहीपूजनाच्या दिवशी नव्या वहीवर जो ‘श्री’ उमटायचा, तो आजोबांच्या बोरूनं आणि आजोबांच्याच शाईनं.

पुढं मी रसायनशास्त्र शिकले आणि कळलं, की काजळी आणि पाणी यांचं मुळात जमत नाही. नुसती काजळी पाण्यावर टाकली तर ती रुसून वर तरंगते, एकमेकींना धरून तिच्या गाठी होतात. डिंक मध्ये पडतो. तो प्रत्येक कणाभोवती आपलं वेटोळं घालतो, कणाला कणापासून लांब ठेवतो आणि पाण्याशी जुळवून देतो. आमच्या शाईत डिंकाच्या जागी कारखान्यात घडवलेलं पॉलिमर असतं, खलाच्या जागी झिर्कोनियाच्या मण्यांची गिरणी, आणि लवंगांच्या जागी बुरशीनाशकाचे मोजून घातलेले थेंब. म्हणून आजोबांना सगळं ठाऊक होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. त्यांची शाई आमच्या प्रिंटरमधून एक ओळही उतरली नसती. त्या यंत्राच्या तोंडाची भोकं केसापेक्षा बारीक. त्यांतून सुखानं जायला रंगाचा कण इतका सूक्ष्म लागतो, की केसाच्या जाडीत तसे सातशे कण ओळीनं बसावेत. आजोबांच्या घोटीव काळ्यानं मिनिटभरात ते तोंड बंद करून टाकलं असतं.

आणि त्या तोंडाशीच आमचं सगळं दुःख आहे. प्रिंटरच्या तोंडात शाई वाळता कामा नये, आणि कागदावर पडताक्षणी वाळली पाहिजे. तोंडाशी साय धरलीच तर नव्या शाईच्या स्पर्शानं ती पुन्हा विरघळावी, पण कागदावर एकदा बसली की वरून पाऊस पडला तरी हलू नये. एकाच शाईनं आत ओलं राहायचं, बाहेर कोरडं व्हायचं. या एका हट्टापायी माझी उमेदीची वर्षं गेली. ओलावा धरायला आम्ही ग्लिसरीन घालतो. तेच, जे नाशिकच्या थंडीत आई गुलाबपाण्यात कालवून आमच्या फुटलेल्या ओठांना लावायची. जास्त पडलं तर छापलेला कागद बोटाला चिकटतो, कमी पडलं तर तोंड सुकतं. डिसेंबरात निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात, तेव्हा लॅबमध्ये सकाळची पहिली पानं हमखास बिघडलेली निघतात. गारठ्यानं शाईसुद्धा जड होते.

बाकी आमची शाई म्हणजे बहुतेक पाणीच. शंभरात साठ-सत्तर भाग. ते येतं गंगापूरच्या धरणातून, म्हणजे गोदावरीचं. पण शाईत घालण्याआधी त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सगळे क्षार काढून टाकावे लागतात, नाही तर रंगाचे कण पुन्हा गाठी धरतात. नाशिकची माणसं गोदेला गंगाच म्हणतात. त्या गंगेची चव, तिनं डोंगरातून आणलेलं सारं काही काढून घेतल्यावर जे उरतं, ते आमच्या बाटलीत. वास कुठून यायचा?

एक थेंब किती असतो सांगू? चहाच्या एका चमच्यात तसे शंभर कोटी मावतील. काही यंत्रांत तो विजेच्या दाबानं ढकलला जातो, काहींत उष्णतेनं. उष्णतेची गोष्ट मला फार आवडते. १९७७ साली जपानात, कॅननच्या प्रयोगशाळेत, शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला तापलेली डाग देण्याची कांडी चुकून लागली आणि सुईतून शाईची चिळकांडी उडाली. तापल्या तव्यावर पाण्याचा शिंतोडा पडला की तो उसळी घेतो, हे आपल्याकडच्या कुठल्या बाईनं पाहिलेलं नसतं? आता त्या उसळीवर पानंच्या पानं छापली जातात. क्षणाच्या लाखाव्या हिश्शात पाण्याची वाफ होते, बुडबुडा फुगतो आणि पुढचा थेंब बाहेर फेकला जातो. पाणीच वाहन, आणि धक्का देणारंही पाणीच. कागदावर पोचलं की ते उडून जातं. अक्षर मागं राहतं.

पण जाताना ते एक खूण ठेवून जातं. शाईचा थेंब सपाट काचेवर ठेवा आणि वाळू द्या. मध्यभागी फिका, कडेला गडद. चहाच्या डागाचंही असंच होतं. कडेपाशी पाणी लवकर उडतं, तिथली तूट भरून काढायला मधलं पाणी कडेकडे वाहतं आणि वाहताना रंगाचे कण सोबत नेऊन तिथं सोडतं. जितका निवांत वेळ मिळेल, तितकी कड गडद. ही कड घालवणं हे माझं काम. ग्राहकाला सगळीकडे सारखा रंग हवा असतो, आणि तो मी देते.

बाबा माझ्या शाईला शाई मानायचे नाहीत. ते नाशिक रोडच्या प्रेसमध्ये होते. १९२५ची सिक्युरिटी प्रेस, १९२८ची करन्सी नोट प्रेस; त्या भिंतींच्या आत शाई म्हणजे लोण्यासारखी दाट, कोरलेल्या पत्र्यातून प्रचंड दाबानं कागदावर उठणारी. मी लहान असताना ते मला डोळे मिटायला लावून हातात नोट देत. ‘बोटानं वाच.’ बोटाखाली ती बारीक उंचवट्यांची रांग लागायची. ‘तुझी शाई बोटाला लागत नाही गं,’ एवढंच म्हणायचे ते नंतर, माझे नमुने हातात घेऊन. चिडवल्यासारखं. पण पानं मात्र सगळी जपून ठेवायचे.

बाबा गेले त्या हिवाळ्यात मी तेरा-चौदा दिवस लॅबला गेले नाही. परत आले तर चाचणीच्या प्रिंटरचं तोंड सुकून बसलेलं. तपासणीचं पान काढलं: जिथं सलग पायऱ्यांसारख्या रेघा यायला हव्यात, तिथं मधल्या कितीतरी गायब. काळ्यात तर अख्खी चौकट कोरी. मी कोमट द्रावणात फडकं भिजवून ते तोंड टिपत बसले. तीन-चार दिवस. दर वेळी एखादी रेघ परत यायची. गच्चीवर चहा घ्यायला गेले की समोर पांडवलेण्यांचा डोंगर दिसायचा. तिथं तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. मुलगा गेल्यानंतर, नातवाच्या राज्यात, त्या आईनं मुलाचं नाव आणि त्याचा पराक्रम दगडात खोदवून घेतला. त्याला शाई लागली नाही, की पाणी लागलं नाही. हातोडी-छिन्नीचे घाव तेवढे लागले.

अस्थी रामकुंडात सोडल्या त्या दिवशी भाऊ आणि मी पंचवटीत आमच्या तीर्थोपाध्यांकडे गेलो होतो. नामावळी काढायला. गुरुजींनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, आतून लाल कापडात बांधलेल्या लांबट वह्या आणल्या आणि पानं उलटत उलटत मागं मागं गेले. बॉलपेनाची निळी पानं संपली, टाकाची आली, देवनागरी जाऊन मोडी आली. एका पानावर त्यांचं बोट थांबलं. आजोबांचं अक्षर. पणजोबा गेले तेव्हाचं. शाई काळी, घरची. दौत गावाहून सोबत आणली असणार त्यांनी. मी वाकले, पानाला नाक लावलं. भावानं माझ्याकडे पाहिलं.

वास नव्हता. जुना कागद, कपाटातला कापूर, एवढंच.

मग दिसलं. सगळं अक्षर एका लयीत चाललेलं, कुठंही खाडाखोड नाही. फक्त पणजोबांच्या नावाच्या आधी, ओळीत, शाईचा एक गोल ठिपका. मध्यभागी फिका. कडेला गडद. माझ्या हातून असे हजारो थेंब वाळले आहेत. तो किती मोठा होता, किती निवांत वाळला, हे मला कुणी सांगायला नको होतं. बोरू तिथं टेकला होता आणि पुढं सरकला नव्हता. थेंब पसरेपर्यंत आजोबा थांबले होते. वडिलांचं नाव लिहायच्या आधी.

‘ताई, तुम्ही पण सही करा,’ म्हणत गुरुजींनी वही माझ्याकडे सरकवली आणि खिशातलं बॉलपेन दिलं. बाबांचं नाव भावानं लिहून झालं होतं. त्याच्याखाली पेनाचं टोक टेकवून मीही थांबले. किती वेळ, ते ठाऊक नाही. सही केली, पेन उचललं. कागदावर सहीशिवाय काही नव्हतं. बॉलपेनाला थांबलेलं कळत नाही.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये नवी बॅच आली होती. हुंगली. काचेवर एक थेंब ठेवला आणि पंखा बंद करून शेजारी बसून राहिले. कड हळूहळू गडद होत गेली. पोरगा वही घेऊन आला, काय दुरुस्ती लिहू म्हणून. म्हटलं, राहू दे. आज काही लिहू नकोस.