रात्रीपुरती जागा

१.
न्यूझीलंडमध्ये २०११ साली रग्बीचा विश्वचषक होता. बाहेरून माणसं येणार, व्हॅन भाड्याने घेणार आणि दिसेल तिथे झोपणार, हे उघड होतं. स्पर्धेच्या तोंडावर फ्रीडम कॅम्पिंगचा कायदा झाला. काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेच्या, जमिनीवर गाडी जाईल अशा जागेपासून किंवा समुद्रकाठापासून २०० मीटरच्या आत फुकट रात्र काढायची मुभा त्याने दिली. नको असेल तिथे काउन्सिलने उपविधी करून मनाई करायची. म्हणजे मुभा आधीपासून आहे, मनाई कारण देऊन करावी लागते. कायद्याचा हा कल मला पटतो.

२.
थकलेल्या चालकाने रस्त्याच्या कडेला गाडीतच झोप काढली, तर या कायद्याच्या हिशोबी ते कॅम्पिंग नव्हे.

३.
समुद्राकाठचा सार्वजनिक वाहनतळ, सकाळची वेळ. व्हॅनच्या काचा आतून धुरकटलेल्या. एकाने मागचं दार वर करून चहाचं आधण ठेवलंय. गावातली एक बाई कुत्र्याला फिरवायला आलीय. ती प्रत्येक गाडीच्या काचेवरचं हिरवं कार्ड थांबून वाचते. गाडी स्वयंपूर्ण आहे, म्हणजे शौचालय-पाणी आतच आहे, आणि आत किती माणसांना झोपता येतं, हे त्या कार्डावर लिहिलेलं असतं. शेवटच्या गाडीवर कार्ड नाही. बाई नंबर टिपून घेते.

४.
हॉलिडे पार्क, म्हणजे पैसे घेऊन मुक्कामाला जागा देणारा तळ, चालवणाऱ्याची बाजू. जमिनीचा कर, विमा, गरम पाण्याचे शॉवर, सामायिक स्वयंपाकघर, आग विझवण्याची सोय, रोजचा कचरा. खर्च बारा महिने, गर्दी उन्हाळ्याचे मोजके आठवडे. आणि रस्त्यापलीकडे, त्याच समुद्राकडे तोंड करून, गाड्या फुकट उभ्या. त्यातलं कुणीतरी सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून त्याच्याच शॉवरकडे येतं. त्याचा राग मला समजतो.

५.
मोटरहोमवाल्या निवृत्त जोडप्याची बाजू. गाडीत शौचालय आहे, पाणी आहे, गॅस आहे, टपावर सौर पॅनेल आहे. शॉवर नको, मुलांची घसरगुंडी नको, टीव्हीची खोली नको. गाडीपुरती सपाट जागा हवी आणि रात्री अंधार हवा. जे वापरणारच नाही त्याचे पैसे का द्यायचे? डिझेल याच गावात भरतो, किराणा इथेच घेतो, औषधं इथलीच.

त्यांची संघटना, न्यूझीलंड मोटर कॅरव्हॅन असोसिएशन, १९५६ची. आज सभासद एक लाखाच्या वर. सुमारे पन्नास लाखांच्या देशात हा आकडा लहान नाही. संघटनेने सभासदांसाठी स्वतःचे तळही उभे केले आहेत. तिथे पैसे भरावे लागतात आणि ते भरले जातात. तेव्हा ‘फुकटे’ हा शिक्का सरसकट मारता येत नाही.

६.
मनाई कशासाठी करता येते, हे कायद्यात लिहिलेलं आहे. जागा जपण्यासाठी. लोकांच्या आरोग्यासाठी आणि सुरक्षिततेसाठी. तिथे पोचण्याची वाट मोकळी राहावी म्हणून. शेजारच्या हॉलिडे पार्कचं गिऱ्हाईक तुटतं, हे कारण त्यात नाही. सगळ्या हद्दीत सरसकट बंदी घालायलाही मुभा नाही.

क्वीन्सटाउनच्या काउन्सिलने २०२१ मध्ये कडक उपविधी केला. संघटना कोर्टात गेली. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तो उपविधी रद्द ठरवला.

७.
गावकऱ्यांची बाजू सगळ्यात कमी ऐकली जाते. वस्ती काहीशे माणसांची. सार्वजनिक शौचालय एकच, तेही बाजारहाटाला येणाऱ्यांच्या अंदाजाने बांधलेलं. जानेवारीत रोज रात्री तीस गाड्या आल्या तर टाकी भरते, कचऱ्याचा डबा उतू जातो, झाडामागे कागद दिसू लागतात. साफसफाईचं बिल घरपट्टीतून जातं. पाहुणे दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी.

८.
या सगळ्या भांडणाच्या मुळाशी संडास आहे.

जुन्या पद्धतीत छोट्या व्हॅनच्या पलंगाखाली सुटं प्लास्टिकचं शौचालय सरकवून ठेवलं की गाडी स्वयंपूर्ण असल्याचा निळा स्टिकर मिळायचा. पलंग अंथरला की ते बाहेरही काढता येत नसे. पुढे नियम आला की पलंग अंथरलेला असतानाही ते वापरता आलं पाहिजे. २०२३च्या कायद्याने शौचालय गाडीला कायमचं जोडलेलं असलं पाहिजे असं ठरवलं. तपासणीची व्यवस्था प्लंबर-गॅसफिटरांच्या नियामक मंडळाकडे दिली. निळ्या स्टिकरच्या जागी हिरवं कार्ड आलं. पिण्याचं पाणी माणशी रोज चार लिटर, तीन दिवसांचं. सांडपाणी आणि मैला साठवायची टाकीही तीन दिवसांची. आधी ठरीव दंड २०० डॉलर होता. आता उपविधीने खास परवानगी नसेल तिथे कार्ड नसलेली गाडी काउन्सिलच्या जमिनीवर रात्री लावली तर ४००.

यावर बॅकपॅकर पोरं ओरडली. जुन्या स्टेशन वॅगनमध्ये गादी टाकून देश बघणाऱ्यांची सोय गेली. त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं, पण नियम बरोबर आहे. संडास आहे असं कार्ड दाखवायचं आणि झाडीत जायचं, हे चालू देता येत नाही.

९.
तंबूला मात्र ही अट नाही. ज्या तंबूत संडास असणं शक्यच नाही, तो उपविधीने मनाई नसलेल्या ठिकाणी आजही लावता येतो.

१०.
स्कॉटलंडमध्ये २००३च्या जमीन सुधारणा कायद्याने पायी येणाऱ्याला मोकळ्या रानात तंबू ठोकायचा हक्क दिला. मोटारगाडीला तो हक्क नाही. मोटरहोमवाले तरीही तोच कायदा पुढे करतात.

तिथल्या सरकारी वनखात्याने एक चांगली वाट काढली. काही वाहनतळांवर रात्रीपुरती परवानगी. संध्याकाळी यायचं, सकाळी निघायचं, गाडीत शौचालय हवं, शुल्क माफक.

११.
युरोपात बऱ्याच ठिकाणी हद्द खुर्चीवर ठरते. जर्मनीत गाडी चालवण्याइतकी ताकद परत यावी म्हणून रस्त्याकडेला एक रात्र झोपता येतं. फ्रान्समध्ये मोटरहोम रस्त्यावर उभी असते तेव्हा ती इतर कुठल्याही गाडीसारखी पार्क केलेली गाडी. पण सावलीचं कापड ताणलं, टेबल मांडलं, खुर्ची बाहेर काढली की ते कॅम्पिंग.

यापेक्षा सोपा नियम मी पाहिलेला नाही. चाकांवर आहात तोवर वाहन, खुर्ची टेकली की मुक्काम. पोलिसाला लांबून दिसतं, भांडायला जागा उरत नाही.

१२.
डम्प स्टेशन. सिमेंटचा उतार, मधे लोखंडी झाकण, बाजूला दोन नळ. एकावर पाटी, हे पाणी पिण्याचं नाही. दुसरा पिण्याचा. माणूस हातमोजे चढवतो, गाडीच्या बाजूचं छोटं दार उघडून मैल्याची पेटी ओढून काढतो, चाकांवरून ओढत आणतो, तोटी वळवून ओततो. निळसर रसायनाचा उग्र वास. पेटी दोनदा विसळतो, उतारावर पाणी मारतो, झाकण लावतो. मागे दुसरी गाडी थांबलेली असते. तिचा चालक पुढच्याला हात करतो. दहा मिनिटांचं काम.

हे काम मन लावून करणाऱ्याला कुठल्याही गावाने रात्रीपुरती जागा नाकारू नये.

१३.
न्यूझीलंडच्या मूळच्या माओरी लोकांच्या दृष्टीने मैल्याचा हा प्रश्न अस्वच्छतेपुरता नाही. ज्या किनाऱ्यावरून शिंपले आणि मासे घरी जातात, तिथे किंवा पूर्वजांच्या दफनभूमीजवळ माणसाचा मैला पडणं हा विटाळ आहे. अशा ठिकाणची मनाईची पाटी वाचून कुणी ‘हक्का’ची गोष्ट काढू नये.

१४.
२०२३च्याच कायद्यात आणखी एक कलम आहे. घर परवडत नाही म्हणून जो देशवासी गाडीत राहतो, त्याला फ्रीडम कॅम्पर धरायचं नाही. त्याला कार्ड नसल्याचा दंड नाही.

त्याच वाहनतळावर, त्याच ओळीत, एका व्हॅनमध्ये सहलीला आलेले असतात आणि दुसरीत सकाळी कामावर जाणारा. बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात.

१५.
नाताळच्या सुट्टीत न्यूझीलंडची कितीतरी कुटुंबं वर्षानुवर्षं त्याच कॅम्पग्राउंडवर, त्याच झाडाखालच्या जागेवर जातात. आजोबांनी लावलेला तंबू आता नातू लावतो. शेजारच्या तंबूतली माणसं ओळखीची. समुद्राकाठच्या जमिनीचे भाव चढले तशी अशी काही मैदानं विकली गेली, तिथे बंगले आले. अधिकृत कॅम्पसाइट टिकली पाहिजे असं मला वाटतं ते या लोकांसाठी. ती टिकवायला काउन्सिलने भाडेपट्टे सांभाळावेत. वाहनतळावरची माणसं हाकलून ती टिकणार नाही.

१६.
न्यूझीलंडच्या संवर्धन खात्याच्या दोनशेच्या वर कॅम्पसाइट आहेत. काही ठिकाणी फक्त सपाट गवत, एक खड्ड्याचा संडास आणि ओढ्याचं पाणी. शुल्क अगदी कमी, काही तर फुकट. फुकट पार्किंग आणि महागडा हॉलिडे पार्क यांच्या मधली ही पायरी वादात कुणी काढत नाही.

१७.
आपल्याकडे महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गोव्याने २०२२ मध्ये पर्यटकाने उघड्यावर स्वयंपाक केला तर ५,००० ते ५०,००० रुपये दंड ठरवला. खाजगी बस करून, गॅसची शेगडी सोबत घेऊन येणारी कुटुंबं किनाऱ्याजवळ भात शिजवताना दिसायची, त्यांच्यासाठी. कॅरव्हॅनवाल्याला धोरण आणि बसवाल्याला दंड, एवढ्यावर थांबू नये. नळ, संडास आणि बस लावायची जागा दोघांनाही लागते.

१८.
‘इथे मुक्कामास मनाई’ ही पाटी लावणाऱ्या प्रत्येक काउन्सिलने शेजारी दुसरी लावावी. मुक्काम कुठे करता येईल आणि टाकी कुठे रिकामी करायची, तिथवरचं अंतर आणि दिशा.

१९.
माझं मत. फरसबंद सार्वजनिक जागेवर, आत शौचालय असलेल्या गाडीला एक-दोन रात्री मोकळ्या असाव्यात. खुर्ची बाहेर काढायची असेल, कपडे वाळत घालायचे असतील, तिसरी रात्र राहायची असेल, तर कॅम्पसाइटवर जावं आणि पैसे भरावेत.

२०.
आपल्याकडून आता बरीच कुटुंबं न्यूझीलंडला जाऊन कॅम्परव्हॅन भाड्याने घेतात. किल्ली हातात घेण्याआधी तीन गोष्टी पाहा. काचेवर हिरवं कार्ड आहे का, त्यावरचा माणसांचा आकडा तुमच्या घराला पुरतो का, आणि मैल्याची पेटी काढायची कशी हे कंपनीच्या माणसाने समोर करून दाखवलंय का. दंडाची पावती कंपनीकडे गेली तरी पैसे तुमच्याच क्रेडिट कार्डावरून वळते होतात.