पहिली गाडी, कच्चं लायसन्स आणि चाळीसगावचा टांगा

गेल्या वर्षी जून महिन्यात आमच्या घरात पहिली चारचाकी आली. आठ वर्षं वापरलेली पांढरी अल्टो. शाळेतले एक सर निवृत्त होऊन मुलाकडे राहायला निघाले होते. त्यांनी एक लाख ऐंशी हजार सांगितले, पतसंस्थेचं कर्ज मंजूर झालं, आणि "आठ दिवसांत सांगा, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे" असं ते म्हणाल्यावर मी होकार देऊन मोकळा झालो. अडचण एकच होती. मला गाडी चालवता येत नव्हती. पंधरापैकी नऊ उत्तरं बरोबर आली की मिळतो तो शिकाऊ परवाना, म्हणजे कच्चं लायसन्स, तेवढंच माझ्या खिशात होतं.

सरांनीच गाडी आणून दारात लावली. माझे वडील एसटीच्या डेपोत एकतीस वर्षं गाड्या धूत होते. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली, टायर अंगठ्यानं दाबून पाहिले, आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. म्हणाले, "चल, कुठं नेतोस?"

मी गप्प. गाडी माझी, कर्ज माझं, आणि बापाला चौकापर्यंत नेण्याची सोय नाही.

मित्रांनो, हा लेख त्या गप्प बसण्याबद्दल आहे. आपल्यातल्या अनेक घरांत आज पहिली गाडी येते आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती लायसन्सच्या आधी येते. त्यात गैर काहीच नाही. गाडी विकत घ्यायला, नावावर करायला किंवा तिचा विमा काढायला लायसन्स लागत नाही. लायसन्स लागतं ते चालवायला. प्रश्न मधल्या दिवसांचा आहे. कच्चं लायसन्स मिळाल्यापासून निदान तीस दिवस पक्क्याची टेस्ट देता येत नाही. गाडी मात्र दारात उभी असते, आणि आख्खं घर तिच्याकडे बघत असतं.

आधी विम्याचं सांगतो, कारण तिथूनच माझे डोळे उघडले. विमा काढून देणारा गृहस्थ म्हणाला, "गुरुजी, विमा काय, पोलिसाला दाखवायला. थर्ड पार्टी घ्या, बास." मी विचारलं, ही थर्ड पार्टी म्हणजे नक्की कोण? त्याला धड सांगता आलं नाही. घरी येऊन वाचलं. पहिला पक्ष गाडीचा मालक, दुसरा पक्ष विमा कंपनी, आणि तिसरा पक्ष म्हणजे रस्त्यावरचा माणूस. आपल्या गाडीखाली येऊ शकतो तो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ ने जो विमा सक्तीचा केला आहे, तो मालकासाठी नाही, या माणसासाठी आहे. हजार सीसीपर्यंतच्या खाजगी गाडीला त्याचा हप्ता जून २०२२ पासून वर्षाला २,०९४ रुपये, वर जीएसटी.

आता विचार करा, हा तिसरा पक्ष बहुतेक वेळा कोण असतो? पहाटे रस्ता झाडणारी बाई. ऊसतोडीवरून परतणारं कुटुंब. सायकलवरून कामाला निघालेला मजूर. गाडी घेईपर्यंत मी आणि माझ्या आधीच्या सगळ्या पिढ्या त्याच पक्षात होतो. चार चाकं आल्याबरोबर त्याला 'पोलिसाला दाखवायचा कागद' म्हणायचं?

दुसरी गोष्ट जुन्या गाडीची. गाडी विकली गेली की तिच्या विम्यातला थर्ड पार्टीचा भाग कलम १५७ प्रमाणे नव्या मालकाकडे आपोआप आला असं धरतात. पण आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग तसा येत नाही. चौदा दिवसांच्या आत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस? तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो. सरांना पन्नास टक्के सूट होती. ती त्यांच्याबरोबर गेली, फरकाची रक्कम मी भरली. जड गेलं, पण भरली.

आता खरी गोष्ट. जुलैमध्ये चाळीस किलोमीटरवरच्या गावात नात्यातल्या मुलीचा साखरपुडा होता. माझा पुतण्या वीस वर्षांचा. पिकअप चालवतो, हात एकदम साफ. पण लायसन्स कसलंच नाही, कच्चंही नाही. तो म्हणाला, "काका, चावी द्या. आरामात नेतो सगळ्यांना." वहिनी तयार, माझी बायको तयार. मी नको म्हटलं तेव्हा वडीलच चिडले. म्हणाले, "जन्मभर लोकांच्या गाड्या धुतल्या. आता आपली आहे तर एसटीच्या फलाटावर उभं राहायचं? त्या गावात आपल्याला चावडीपुढून चप्पल घालून जाता येत नव्हतं. तिथं गाडीतून उतरायचंय मला."

याला काय उत्तर देणार? त्यांच्या म्हणण्यात खोटं काहीच नव्हतं. गाडी आमच्यासाठी नुसती सोय नाही. ज्यांना रस्त्यावरून चालायला बंदी होती त्यांच्या दारातली ती गाडी आहे. लग्नसराईत शोधूनही लायसन्सवाला ड्रायव्हर मिळाला नाही.

तेव्हा मला बाबासाहेबांचे दोन प्रवास आठवले. दोन्ही 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहेत. पहिला १९०१ चा. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली मुलं मसूर स्टेशनवर उतरली. जात कळल्यावर एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं घेऊन एक जण तयार झाला, तेही मुलांनीच बैल हाकायचे आणि त्यानं बाजूनं चालायचं या अटीवर. दुसरा प्रवास १९२९ चा, चाळीसगावचा. तोवर बाबासाहेब बॅरिस्टर झाले होते, सरकारच्या समितीचे सदस्य म्हणून दौऱ्यावर होते. तिथल्या टांगेवाल्यांनी अस्पृश्याचा टांगा हाकायला नकार दिला. पाहुण्यानं पायी यावं हे वस्तीतल्या लोकांना सहन होईना. म्हणून त्यांनी टांगा भाड्यानं घेतला आणि ज्याला टांगा हाकता येत नव्हता अशा आपल्याच माणसाला पुढे बसवलं. पुलावर टांगा उलटला. बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला, कित्येक दिवस अंथरुणावर काढावे लागले.

हा प्रसंग आपण टांगेवाल्यांच्या जातीयतेचा पुरावा म्हणून सांगतो, आणि तो आहेच. पण बाबासाहेबांनी त्यात आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, जी आपण सोडून देतो. यजमानांनी पाहुण्याचा मान राखला, पण प्रवाशाची सुरक्षितता मानापेक्षा मोठी असते हे ते विसरले, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं आहे. आपल्या लोकांच्या प्रेमाबद्दल शंका न घेता लिहिलं आहे.

चाळीसगावच्या लोकांपुढे मार्ग नव्हता. टांगे दुसऱ्यांचे होते, शिकायची सोय नव्हती. माझ्या पुतण्यापुढे मार्ग आहे. वय आहे, शिक्षण आहे, परीक्षा द्यायचा हक्क आहे. मग आजही हाकता न येणाऱ्याला पुढे बसवायचं कारण काय?

कोणी म्हणेल, त्याला येतं की चालवता. येत असेल. कायदा त्याला ओळखत नाही. अशा वेळी माणूस दगावला तर न्यायालय कंपनीला भरपाई द्यायला लावू शकतं, आणि तीच रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभाही देतं. चावी मी दिलेली, म्हणजे मालक मी. वडिलांचा फंड आणि माझा पगार यावर उभं राहिलेलं दोन खोल्यांचं घर एका दुपारी जाईल. ज्यांच्याकडे शेतीवाडी आहे ते सावरतात. आपली पहिली पिढी नुकती पगारावर आली आहे, आपल्याला सावरायला मागे काही नाही. दंड वेगळाच: विनालायसन्स चालवणाऱ्याला पाच हजार, चालवू देणाऱ्या मालकाला पाच हजार.

आम्ही एसटीनं गेलो. वडील वाटेत एक शब्द बोलले नाहीत. वहिनी पंधरा दिवस बोलल्या नाहीत.

शिकाऊ माणसाला मात्र कायद्यानं वाऱ्यावर सोडलेलं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांचा नियम ३ सांगतो: शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस, गाडी थांबवता येईल असा बसलेला, आणि पुढेमागे पांढऱ्यावर लाल 'एल'. एवढं पाळलं तर विम्याच्या कागदावरचं ड्रायव्हरचं कलम शिकाऊलाही धरतं. स्वर्णसिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं २००४ मध्ये सांगितलं की कच्चं लायसन्सही लायसन्सच आहे, त्या कारणावरून कंपनीला हात झटकता येणार नाहीत.

वडिलांचे डेपोतले दोस्त, निवृत्त एसटी ड्रायव्हर, रोज पहाटे माझ्या शेजारी बसायचे. चौथ्या दिवशी वळणावर नगरपालिकेची एक बाई रस्ता झाडत होती. मी ब्रेकऐवजी दुसरंच दाबलं. काकांनी हँडब्रेक ओढला. गाडी तिच्या ढकलगाडीपासून हातभर अंतरावर थांबली. बाई आमच्याच वस्तीतली. झाडू टेकवून म्हणाली, "मास्तर, मी कचरा काढतेय, तुम्ही मला काढू नका." काका हसले. मला हसू आलं नाही. कागदावरचा तिसरा पक्ष समोर उभा होता, आणि माझ्या ओळखीचा होता. त्या दिवशी शेजारी पुतण्याच्या वयाचं कोणी हौशी पोरगं असतं तर?

शेवटी टेस्ट. एजंट म्हणाला, "थोडे जास्त द्या, फक्त फोटोला या." मी नाही म्हटलं. जे लोक आरक्षणावरून आपल्याला मेरिट शिकवतात, त्यांच्यातले किती जण गाडी रिव्हर्स न घेता लायसन्स घेऊन फिरतात, हा प्रश्न मला विचारायचा आहे. तो विचारायचा तर माझं लायसन्स पास होऊन मिळालेलं हवं. पहिल्या टेस्टला मी रिव्हर्समध्ये नापास झालो. सात दिवसांनी पुन्हा दिली. पास झालो.

तेव्हा, ज्यांच्या घरी गाडी आधी आली आहे त्यांना एवढंच सांगणं:

१. पॉलिसी चौदा दिवसांत आपल्या नावावर करा. आरसी बुकाचं काम लांबलं तरी तिकडे दुर्लक्ष नको.
२. चावी लायसन्स बघून द्या, नातं बघून नको.
३. एल बोर्डाची लाज बाळगू नका. शिकतो आहोत हे सांगण्यात कमीपणा नाही. शिकणं हीच आपली कमाई आहे.
४. घरातल्या पोरांना अठरा पूर्ण होताच कच्चं लायसन्स काढायला लावा.

पुतण्यानं गेल्या महिन्यात पक्कं लायसन्स काढलं. मला पास झाल्याच्या दुसऱ्या दिवशी वडिलांनी साखरपुड्याच्या त्याच गावाला न्यायला सांगितलं. काहीच कार्यक्रम नव्हता. चावडीसमोर मी गाडी थांबवली. ते उतरले, चप्पल घालून दहा पावलं चालले, टपरीवर चहा प्यायले, आणि परत येऊन यावेळी पुढच्या सीटवर बसले.

जय भीम!