शंभर पावलांची बंदूक

प्रत्येक कुटुंबात एखादी कथा अशी असते की, तिचा खरेखोटेपणा कोणी तपासावयाचा नसतो. कोणाच्या पणजोबांनी वाघाशी झुंज घेतलेली असते, तर कोणाच्या आजीने दरोडेखोरांस जेवू घालून आल्या वाटेने परत पाठविलेले असते. अशा कथा घरातील तांब्यापितळेच्या भांड्यांप्रमाणे पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहतात आणि वापरानेच त्यांस चकाकी येते. आमच्या आजोळी, म्हणजे बारामतीजवळच्या माळेगाव बुद्रुक येथे, अशी एक कथा होती. आमच्या थोरल्या मामांनी 1964 च्या उन्हाळ्यात दोनशे पावलांवरून एका गोळीत चिंकारा पाडला, ही ती कथा. ओसरीवरच्या दाराच्या चौकटीवर त्या चिंकाऱ्याची शिंगे लावलेली होती आणि माजघरात खुंटीला ती बंदूक टांगलेली होती. पुरावा इतका भक्कम असल्यावर शहानिशा करण्याच्या भानगडीत कोण पडतो?

आम्ही तर ती कथा आमच्या धंद्यातही वापरली. आम्ही कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवितो. फेकलेल्या वस्तूच्या गतीचा धडा आला म्हणजे मुलांच्या डोळ्यांवर झापड येऊ लागते. ती उडविण्यास मामांच्या बंदुकीचा बार फार उपयोगी पडे. पंचवीस वर्षे आम्ही तो बार दरवर्षी एकदा उडविला आणि दरवर्षी तो लागू पडला. दोन वर्षांमागे मात्र मागच्या बाकावरील एका मुलीने उठून विचारले, "सर, बंदूक कोणती होती?" आम्ही मोठ्या अभिमानाने बंदुकीचे नाव सांगितले. "मग दोनशे पावलांवर गोळी किती खाली आली असेल?" हा तिचा दुसरा प्रश्न. ज्याचे उत्तर आम्ही पंचवीस वर्षे इतरांकडून काढून घेत होतो तो प्रश्न आम्हांस स्वतःला कधी पडला नव्हता. "उद्या सांगतो," असे म्हणून आम्ही त्या दिवसापुरती सुटका करून घेतली.

बंदूक होती विंचेस्टर कंपनीची, 1892 च्या नमुन्याची, आखूड नळीची कार्बाईन. जॉन ब्राउनिंग नावाच्या अमेरिकन कारागिराने हा नमुना आखला. घोड्यावर बसून गुरे राखणाऱ्या, रानावनातून हिंडणाऱ्या लोकांस खोगिराशी बांधून नेता यावी अशी ही सुटसुटीत वस्तू. घोड्याभोवतीची लोखंडी कडी खाली ओढून वर केली की रिकामी पुंगळी बाहेर उडते आणि नळीखालच्या दुसऱ्या नळीतील काडतूस वर येऊन बसते. काडतुसे त्या नळीत एकामागे एक अशी आडवी राहतात. म्हणून त्यांतील गोळीचे तोंड चपटे ठेवावे लागते. ते टोकदार असेल तर धक्क्याने पुढच्या काडतुसाच्या बुडावर टोक आपटून नळीतच स्फोट होण्याचे भय. अशी बोथट, जड आणि काहीशी मंद गोळी जवळच्या जनावरास पुरी पडते; लांबच्या पल्ल्याचे ते काम नव्हे. आमच्या आजोबांनी ही बंदूक 1947 साली विलायतेस परत निघालेल्या एका साहेबाकडून परवान्यानिशी घेतली, असे घरात सांगत.

त्या रात्री आम्ही कागद घेऊन बसलो. नळीतून निघताना गोळीचा वेग सेकंदास सुमारे बाराशे फूट. पाऊल अडीच फुटांचे धरले तर दोनशे पावले म्हणजे पाचशे फूट. हवेचा अडथळा जमेस धरता तेवढे अंतर कापण्यास अर्ध्या सेकंदास थोडा कमी वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात पृथ्वी गोळीला साडेतीन फूट खाली ओढते. बंदुकीची माशी शंभर पावलांस लावलेली असली, तर यातील काही भाग नळीच्या चढाने भरून निघतो. तरीही गोळी नेमाच्या खाली जवळजवळ दोन फूट जाते. चिंकारा खांद्याशी उभा मोजला तर दोन फुटांहून किंचित उंच. अर्थात खांद्यावर धरलेल्या नेमाची गोळी त्याच्या खुरांपुढच्या मातीत शिरावयास हवी! दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात हे आकडे फळ्यावर मांडले आणि "मामांनी बहुधा पाठीच्या वर हवेत नेम धरला असावा," अशी पुस्ती जोडली. मुलीने मान डोलाविली. परंतु तिचे समाधान झाले नाही हे आम्हांस दिसले. आमचेही झाले नव्हते.

दिवाळीच्या सुटीत आम्ही माळेगावास गेलो. हल्लीच्या माळेगावात नावापुरताच माळ उरला आहे. नीरेच्या डाव्या कालव्याने येथील काळ्या रानाचे नशीब पालटले, पन्नाशीच्या दशकात सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि दृष्टी जाईल तिकडे ऊस झाला. मामांच्या तरुणपणी मात्र कालव्याखाली बागाईत आणि कालव्यापलीकडे उत्तरेस कुसळी गवताचा, बाभळी-हिवरांचा उघडा माळ, असे दोन मुलूख एकमेकांस लागून होते. त्या माळावर चिंकारे चरत. आपण यांस सरसकट हरीण म्हणतो. वस्तुतः चितळ-सांबरांची शिंगे दरसाल गळून नवी येतात, तशी चिंकाऱ्याची कधी गळत नाहीत. ते काळविटाच्या कुळातले. दवावर आणि झाडपाल्याच्या रसावर ते पुष्कळ दिवस काढू शकतात, आणि भय वाटले म्हणजे पाय आपटून शिंकेसारखा आवाज करतात.

मामा आता नव्वदी ओलांडून गेले आहेत. दृष्टी मंद झाली आहे, पण स्मरण लख्ख. आम्ही कागद त्यांच्यापुढे ठेवून हिशेब समजावून सांगितला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाले, "प्रोफेसर, तुला साठ वर्षं लागली होय इथवर यायला?"

मग त्यांनी सांगितले ते असे. माळावर माणूस दिसला की चिंकारा पाव मैलावरून निघून जातो. परंतु रोजच्या बैलगाडीस तो बुजत नाही. म्हणून गाडी त्याच्याकडे सरळ न नेता भोवती फिरवावयाची, फेरा हळूहळू लहान करीत आणावयाचा, आणि बेतात आले म्हणजे चाकाच्या आडोशाने खाली उतरून गाडी तशीच पुढे जाऊ द्यावयाची.

"बाबांचा दंडक होता," मामा म्हणाले, "शंभर पावलांच्या पुढं घोडा ओढायचा नाही. ही बंदूकच शंभर पावलांची. त्या दिवशी सकाळपासून गाडी फिरवून बैल दमले होते, मीही दमलो होतो. नर उभा होता. मला वाटलं, शंभरच असतील. वाटलं म्हणजे, वाटून घेतलं. गोळी पुढच्या पायाला लागली. बसला, उठला आणि तीन पायांवर गेला. तीन पायांवर हरीण कसं पळतं ते तू पाहिलेलं नाहीस. नाही पाहिलंस तेच बरं."

अंधार पडेपर्यंत ते रक्ताच्या थेंबांमागे चालत राहिले. दुसरा दिवसही शोधण्यात गेला. तिसऱ्या दिवशी एक धनगर शिंगे घेऊन दारात आला. लांडग्यांनी टाकून दिलेले जनावर त्यास ओढ्यात सापडले होते. "तुमचंच हाय," एवढे बोलून त्याने शिंगे ओट्यावर ठेवली आणि तो निघून गेला.

"आणि पावले?" आम्ही विचारले.

"मोजली. दुसऱ्या दिवशी रिकामी पुंगळी पडली होती तिथून रक्ताच्या पहिल्या डागापर्यंत. एकशे बावन्न."

आम्ही मनातल्या मनात आकडा मांडला. दीडशे पावलांवर गोळी नेमाच्या खाली सात-आठ इंच जाते. खांद्यावर धरलेला नेम पायात उतरतो. हिशेब चोख जुळला. गणित जुळल्याचा एवढा विषाद आम्हांस आयुष्यात कधी झाला नव्हता.

"मग दोनशे पावले आणि एक गोळी हे कोणी काढले?"

"बाबांनी. लोक शिंगं पाहून विचारायचे. मुलाची चूक झाकायला बापानं आणखी पन्नास पावलं घातली. मी खोटं कधी बोललो नाही. पण खरंही सांगितलं नाही. त्यानंतर बंदूक खांद्याला लावली नाही, एवढंच. बाबांनीही का म्हणून विचारलं नाही."

मामांनी ट्रंकेतून एक कागद काढावयास सांगितला. वन्यजीव संरक्षणाचा 1972 चा कायदा आला तेव्हा घरातील शिंगांची नोंद करण्यासाठी त्यांनी दिलेल्या अर्जाची ती नक्कल होती. वळणदार अक्षरात लिहिले होते : मेलेल्या चिंकाऱ्याची शिंगे, 1964 साली धनगराकडून मिळालेली. घरात जे कोणास सांगितले नाही ते त्यांनी सरकारास लिहून दिले होते. आणि पन्नास वर्षे तो कागद कथेच्या उशालाच निजून होता.

शाकुंतलाचा आरंभ हरणाच्या पाठलागाने होतो आणि तपस्वी मध्ये पडून राजाचा बाण थांबवितो, हे आम्ही शाळेपासून वाचीत आलो. त्या प्रसंगातील एक गोष्ट आम्हांस आता कळते. बाण थांबविता येतो तो सुटण्यापूर्वी. आणि तो सुटण्यापूर्वी शिकाऱ्यास हरणाच्या पुष्कळ जवळ जावे लागते. आखूड पल्ल्याच्या हत्याराचा हाच एक गुण. ते शिकाऱ्यास अंतर तोडावयास लावते, आणि ते तोडता तोडता पुढे उभे आहे ते लक्ष्य नसून जनावर आहे हे डोळ्यांस दिसू लागते. आजोबांच्या शंभर पावलांच्या दंडकात दया होती की केवळ काडतुसांची काटकसर होती हे आता सांगता येणार नाही. पण तो पाळला असता तर जनावराचे हाल झाले नसते.

दुसऱ्या दिवशी मामांनी सुप्यास जाण्याचा हट्ट धरला. बारामती तालुक्यातच, मोरगावाजवळच्या या गावी 1997 साली चिंकाऱ्यांसाठी मयूरेश्वर अभयारण्य झाले. पाच चौरस किलोमीटरांहून थोडेसेच मोठे, महाराष्ट्रातील अगदी लहान अभयारण्यांपैकी एक. गाडी थांबवून काच खाली केली आणि आम्ही बसून राहिलो. सोनेरी गवतातून तीन चिंकारे पुढच्या वाटेवर आले. नर मध्ये थांबला आणि आमच्याकडे मान वळवून उभा राहिला. मामांस तो धूसरच दिसत असावा. ते हळूच म्हणाले, "किती पावलं?"

आम्ही नीट निरखून पाहिले. पन्नाशी उलटलेला, आयुष्यभर अंतरे मोजावयास शिकविणारा मनुष्य, आम्ही खात्रीने सांगितले, "शंभर. फार तर एकशे दहा."

नराने पाय आपटला, शिंकल्यासारखा आवाज केला आणि तिघेही नाहीसे झाले. आम्ही उतरून वाटेने चालत, मोजीत, त्याच्या खुरांच्या ठशांपर्यंत गेलो. एकशे त्रेसष्ट पावले झाली. उघड्या माळावर मध्ये नजर अडविणारे काही नसते आणि प्रकाश स्वच्छ असतो. अशा ठिकाणी दूरची वस्तू जवळ भासते. हे आम्हांस पुस्तकात वाचून ठाऊक होते. तरी आम्ही फसलो, आणि ज्या बाजूस मामा फसले त्याच बाजूस फसलो. परत येऊन आकडा सांगितला तेव्हा मामा काही बोलले नाहीत. त्यांनी आमच्या हातावर हात ठेवला, इतकेच.

बंदुकीच्या परवान्याची मुदत त्या वर्षअखेर संपत होती. घरात तो पुढे चालविण्याची इच्छा कोणास नव्हती. 1959 च्या शस्त्रकायद्यात सांगितल्याप्रमाणे आम्ही ती पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेतली. निघण्यापूर्वी मामांनी ती मांडीवर घेऊन कडी एकदा खाली ओढली आणि वर केली. साठ वर्षांत तेल न चुकल्यामुळे आवाज अगदी मऊ आला. मग त्यांनी ती आमच्या हाती दिली.

पुढल्या सत्रात तो धडा आला तेव्हा आम्ही वर्गात सारी हकीकत सांगितली. जी मुलगी आता वरच्या वर्गात गेली होती तिला मुद्दाम बोलावून घेतले. आपण पंचवीस वर्षे जे सांगितले ते खरे नव्हते, असे विद्यार्थ्यांपुढे म्हणणे वाटले होते त्याहून अवघड गेले. मुलीने या वेळीही एकच प्रश्न विचारला. "सर, ती पावलं आधी का नाही मोजली?"

"जनावर समोर उभे असते तोवर पावले मोजता येत नाहीत," आम्ही म्हणालो. "ती मोजावयाची सोय बार झाल्यावरच होते. म्हणून शंका असली तर घोडा ओढावयाचा नाही."

शिंगे अजून चौकटीवरच आहेत. ती उतरवावी असे आम्ही सुचविले होते. मामांनी नको म्हटले. ओसरीवर येणारे पाहुणे अजूनही वर पाहून विचारतात, "किती पावलांवरून?" त्या वेळी मामा झोपाळ्यावर असले तर स्वतःच उत्तर देतात, "एकशे बावन्न." आणि पाहुण्यांच्या मुद्रेवर कौतुक दिसू लागले की त्यांना बसावयास सांगून पुढची हकीकत सांगावयास घेतात.