सहा फुटांचा समुद्र

समुद्राकाठी राहणाऱ्या माणसाला समुद्र घरात आणण्याची हौस का वाटावी, हे एक कोडेच आहे. 1951 साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि त्यानंतर मुंबईच्या कितीतरी पिढ्यांनी खऱ्या समुद्राकडे पाठ करून काचेमागच्या समुद्राला नाक लावले. आम्हीही त्यांतलेच. बाहेरचे पाणी गढूळ, आतले नितळ. बाहेर मासा दिसायचा तो कोळणीच्या टोपलीत, आत मात्र तो आपल्याकडे टक लावून बघायचा. एवढे कारण बालवयाला पुरेसे होते.

ही हौस काही आजची नव्हे. फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने 1854 साली ‘द अ‍ॅक्वेरियम’ हा ग्रंथ लिहिला आणि इंग्लंडमधल्या दिवाणखान्यांत काचेच्या पेट्या अवतरल्या. गॉस अत्यंत धर्मनिष्ठ. ओहोटीच्या डबक्यांत त्याला निर्मात्याची करणी दिसे, आणि ती इतरांनाही दिसावी हाच त्याचा हेतू. झाले मात्र उलटेच. हौशी संग्राहकांच्या झुंडी किनाऱ्यावर उतरल्या व त्यांनी ती डबकी अक्षरशः खरवडून नेली. त्याचा मुलगा एडमंड याने 1907 साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत या नासाडीची आणि वडिलांना झालेल्या दुःखाची हकिकत नोंदवून ठेवली आहे. प्रेमाने पाहणे आणि उचलून घरी नेणे यांतले अंतर किती थोडे असते!

हे सारे आठवण्याचे निमित्त म्हणजे अंधेरीच्या मरोळ भागातील आमच्या परिचयाचे एक गृहस्थ. हयात जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेली. निवृत्त झाल्यावर दिवाणखान्यात प्रवाळाचे मत्स्यालय उभारायचे, हा बेत त्यांनी वर्षानुवर्षे मनात जपलेला. गेल्या वर्षी त्यांनी आराखडा आमच्यासमोर पसरला. टाकी सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. त्यांच्या पत्नी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, “फादर, तीस वर्षे हे समुद्रावर राहिले, आता समुद्र आमच्याकडे राहायला येतोय. येऊ दे बापडा. पण खालच्या मजल्यावर उतरता कामा नये.”

बाईंची शंका थट्टेवारी नेण्यासारखी नव्हती. एवढ्या टाकीत सुमारे 680 लिटर पाणी मावते. खारे पाणी गोड्यापेक्षा जड, म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन जवळजवळ 700 किलो. बारा मिलिमीटर जाडीच्या काचा सव्वाशे किलोंच्या घरात; त्यांत दगड, लोखंडी चौकट आणि खालची गाळणीची टाकी मिळवली की बेरीज एक टनापुढे जाते. आपल्याकडील बांधकामाच्या मानकानुसार निवासी खोलीचा स्लॅब दर चौरस मीटरला साधारण 200 किलो भार गृहीत धरून आखतात. इथे जेमतेम एक चौरस मीटर जागेवर त्याच्या चौपटीहून अधिक ओझे येणार होते. गृहस्थांनी स्ट्रक्चरल इंजिनीयरला घरी बोलावले, टाकी खोलीच्या मध्यावरून हलवून बीमवरच्या भिंतीलगत घेतली आणि त्याचे लेखी पत्र सोसायटीच्या सेक्रेटरींच्या हाती दिले. हौसेपायी शेजाऱ्याचे छत पणाला लावायचे नसते, हे त्यांना सांगावे लागले नाही.

बाईंची दुसरी अट अधिक कडक होती, आणि तिच्यामागे एक जुनी रात्र होती. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा गृहस्थ समुद्रावर होते आणि घरात तीन फुटांची एक खाऱ्या पाण्याची टाकी होती. वीज गेली. पंप थांबला की पाण्यातला प्राणवायू झपाट्याने घटतो. बाईंनी मेणबत्तीच्या उजेडात तांब्याने पाणी वर उचलून पुन्हा टाकीत सोडायला आरंभ केला. पहाटेपर्यंत त्या ते करीत राहिल्या. हाताला गोळे आले तेव्हा थांबल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे मासे वर तरंगत होते. “मुलांना मी सांगितलं, मासे झोपलेत,” एवढेच त्या आम्हांला म्हणाल्या. आता नव्या आराखड्यात इन्व्हर्टर आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हे टाकीच्याही आधी विकत घ्यायचे, असे त्यांनी बजावले. आणि तसेच घडले.

पाण्याची कथा निराळीच. वर्सोव्याचा समुद्र जवळ, पण ते गढूळ, मैले पाणी टाकीत घालण्यासारखे नाही. म्हणून नळाला येणारे भातसा-वैतरणेचे गोडे पाणी आर. ओ. यंत्रातून गाळून, त्यात लिटरला सुमारे 35 ग्रॅम या प्रमाणात तयार सागरी क्षार मिसळायचे: सगळ्या टाकीला चोवीस किलो. सह्याद्रीतले पाणी मरोळला येऊन समुद्र होते, याची आम्हांला मोठी मौज वाटली. पुढे रोज काही लिटर पाण्याची वाफ होते. मीठ मात्र मागेच राहते, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. आणि तापमान? ते 25-26 अंशांवर राखायचे. मुंबईच्या मे महिन्यात खोलीच बत्तीसला जाते, त्यात दिव्यांची व पंपांची ऊब; तेव्हा पाणी थंड करणारा चिलर आलाच.

सारी सिद्धता झाली आणि प्रश्न उरला तो प्रवाळाचाच. आपल्या भाषेला पोवळे जुन्या काळापासून ठाऊक आहे, पण ते माळेत ओवलेले, म्हणजे मेलेले. जिवंत प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या देहात सूक्ष्म शैवाल वस्तीला असते आणि सूर्यप्रकाशावर त्या शैवालाने शिजवलेल्या अन्नावर तो बहुतांशी जगतो. भारतात 2001 साली भित्ती बांधणारे सर्व दगडी प्रवाळ, तसेच काळे प्रवाळ, समुद्रपंखे आदी जाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातल्या गेल्या. वाघही त्याच अनुसूचीत आहे. दिवाणखान्यात वाघ बांधता येत नाही, तसा समुद्रातून तोडलेला प्रवाळही ठेवता येत नाही.

तरीही एका दुकानदाराने प्लास्टिकच्या पिशवीतला जांभळा तुकडा त्यांच्यापुढे धरलाच. परदेशातून आलेला आहे, बिल तेवढे मागू नका, असे म्हणाला. गृहस्थांचे मन दोन आठवडे डळमळत होते, हे त्यांनीच मोकळेपणाने सांगितले. तीस वर्षांची इच्छा ती! कायद्याचे भय त्यांना फारसे नव्हते. कोण पाहायला येतो चौथ्या मजल्यावर? त्यांना खटकले ते दुकानदाराचे पुढचे वाक्य: “नाही जगला तर दुसरा आणून देऊ.” आयुष्यभर यंत्रांचे सुटे भाग बदलणाऱ्या माणसाला एखाद्या जिवाचा सुटा भाग मानवला नाही. ते रिकाम्या हातांनी परतले.

योगायोग असा की, 2020 साली कोस्टल रोडचे काम चालू असताना वरळी व हाजी अली येथील खडकांवरच्या प्रवाळांच्या लहान लहान वसाहती वनखात्याच्या परवानगीने तेथून हलवाव्या लागल्या होत्या. मुंबईत प्रवाळ आहे, हे कित्येक मुंबईकरांना त्या बातमीनेच कळले. गृहस्थ आता मोठ्या ओहोटीच्या दिवशी नातवाला घेऊन खडकांवर जातात; हात लावायचा नाही, पाय जपून टाकायचा, एवढी अट. तिथला प्रवाळ राखट रंगाचा, दिसायला सामान्य. पण तो गढूळ पाण्यात, ओहोटीच्या उन्हात तगून राहतो, आणि टाकीतल्या जांभळ्या तुकड्याला एका अंशाचा फरकही सोसत नाही. लक्षद्वीपच्या प्रवाळांनाही तो सोसत नाही. उन्हाळ्याच्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी अंशभर अधिक काही आठवडे राहिले की प्रवाळ आपल्यातले शैवाल बाहेर टाकतो व पांढरा पडतो. 1998, 2010, 2016 आणि 2024 साली तेथे हे घडले. त्या समुद्राला चिलर कोण बसवणार?

टाकीत मग काय ठेवले? कृत्रिम सच्छिद्र दगडांची एक भिंत, तिच्यात गुहा व कपारी. रेझिनचे रंगीत प्रवाळ घालावेत, असे कोणी सुचवले; पण प्लास्टिकच्या फुलांविषयी आमचे जे मत आहे तेच बाईंचेही निघाले, आणि तो विषय संपला. मासे मात्र येतील, क्लाउनफिशची एक जोडी. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या बंदिस्त प्रजननाचे तंत्र साधलेले असल्यामुळे समुद्रातून पकडून आणलेल्या जोडीची गरज नाही.

पण त्याआधी वाट पाहायची. माशांच्या उत्सर्गातून निघणारा अमोनिया त्यांना विषासारखा. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसऱ्या जातीचे त्याचे बरेचसे निरुपद्रवी नायट्रेट करतात. विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890च्या सुमारास उलगडलेले हे काम त्या दगडांच्या छिद्रांत सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत अमोनियाचे थेंब मोजून घालायचे आणि पाणी तपासायचे.

आम्ही परवा गेलो तेव्हा पाचवा आठवडा चालू होता. शेजारची मुले काचेला नाक लावून मासे कुठे आहेत म्हणून विचारीत होती. गृहस्थांनी परीक्षानळीत पाणी घेतले, थेंब टाकले आणि उजेडात धरले. अमोनिया संपला की रंग पिवळा यायला हवा. त्यात अजून हिरवी छटा होती. त्यांनी वहीत तारीख घालून आकडा लिहिला, आणि मासे आणण्याचा दिवस आणखी दहा दिवस पुढे ढकलला.