आधी उलटं कल्याणला

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर अजिंक्य रहाणेने रणजी सामन्यात छत्तीसगडविरुद्ध १५९ धावा केल्या. खेळ संपल्यावर तो जे बोलला त्याचा आशय असा होता, की वय मोजू नका, खेळण्याची आस बघा. ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात भारतीय संघाला माझा उपयोग झाला असता. तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता. त्यानंतर आठवडाभरात, १ नोव्हेंबरला, पंचेचाळीस वर्षांच्या रोहन बोपण्णाने टेनिसमधून निवृत्ती जाहीर केली. पॅरिसमध्ये अलेक्झांडर बुब्लिकच्या साथीने खेळलेला दुहेरीचा सामना त्याचा शेवटचा ठरला. आठ वर्षांनी मोठा असलेल्या खेळाडूने थांबण्याची वेळ स्वतः ठरवली आणि धाकट्याला मात्र मोठी खेळी करूनही दाद मागावी लागली. हा फरक दोघांच्या स्वभावातला नाही, त्यांच्या खेळांच्या रचनेतला आहे. उतरत्या वयातल्या खेळाडूला टेनिस अधिक न्यायाने वागवतं असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण असं की टेनिसमध्ये खाली उतरायला जिना आहे.

डेव्हिस चषकासारखी देशाची स्पर्धा सोडली तर टेनिसमध्ये निवड समिती नसते. गेल्या बावन्न आठवड्यांत मिळवलेले गुण मोजायचे, जुने गळत जातात, नवे चढत जातात. त्या यादीत पूर्वपुण्याईला जागा नाही तशी जन्मतारखेलाही नाही. अँडी मरे दोनदा विम्बल्डन जिंकलेला खेळाडू. २०१९ मध्ये त्याच्या खुब्यात धातू बसवावा लागला. २०२३ च्या जूनमध्ये, छत्तिसाव्या वर्षी, तो सर्बिटन आणि नॉटिंगहॅम इथल्या चॅलेंजर स्पर्धांत खेळला, म्हणजे मुख्य दौऱ्याच्या एक पायरी खाली, आणि दोन्ही जिंकला. त्यासाठी कुठल्या निवड समितीची गरज पडली नाही. दुसरी पायरी दुहेरीची. एकेरीचं मैदान सत्तावीस फूट रुंद असतं आणि ते एकट्याने सांभाळायचं असतं. दुहेरीचं छत्तीस फूट, पण दोघांत वाटलेलं, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साधारण अठरा. हे नऊ फूट म्हणजे गुडघ्यांची किती तरी वर्षं. बोपण्णाच्या गुडघ्यांतली कूर्चा झिजून गेली होती, तरी फेब्रुवारी २०२२ मध्ये तो बालेवाडीत रामकुमार रामनाथनच्या जोडीने महाराष्ट्र ओपनची दुहेरी जिंकला, आणि जानेवारी २०२४ मध्ये मॅथ्यू एब्डनसोबत ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून त्रेचाळिसाव्या वर्षी प्रथमच दुहेरीत जगात पहिला आला. एवढ्या वयात पहिल्यांदा त्या क्रमांकावर त्याआधी कुणीच पोहोचलं नव्हतं. दुहेरी हा दुय्यम खेळ आहे असं म्हणणाऱ्यांनी जाळीजवळचा तो अर्ध्या क्षणाचा निर्णय नीट पाहिलेला नसतो.

खाली उतरण्यात कमीपणा आहे, हा यावरचा पहिला आक्षेप. त्याचं उत्तर डोंबिवलीच्या फलाटावर रोज मिळतं. सकाळी मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत डोंबिवलीला पाय ठेवायला जागा नसते, म्हणून जाणते प्रवासी आधी उलट्या दिशेची गाडी पकडतात. कल्याणपर्यंत जातात, तीच गाडी तिथून परत फिरते, आणि मग आपलंच डोंबिवली खिडकीतून मागे टाकत ते बसून पुढे जातात. कल्याणला जाणं म्हणजे मागे जाणं, असं त्यांच्यापैकी कुणालाही वाटत नाही. त्यात अर्धा-पाऊण तास जास्त जातो, घरून लवकर निघावं लागतं, पण दिवसभर उभं राहून काम करणाऱ्याला तो वेळ परवडतो. ज्यांना तेही जमत नाही ते चौथ्या सीटवर टेकतात. तिघांच्या बाकावर चौथा, अर्धा बाहेर, एक पाय वाटेत; तरीही 'थोडं सरका' म्हटल्यावर सरकण्याची रीत आहे. आणि काही नेहमीच्या गटांत याहून सुंदर एक रीत आहे: आधी बसलेल्याने ठाणं किंवा मुलुंड गेलं की आपणहून उठायचं आणि उभ्या सोबत्याला बसवायचं. हे कुठे लिहिलेलं नाही, कुणी तपासत नाही. याच मार्गावरून एके काळी शाळकरी रहाणे खांद्यावर किट घेऊन मुंबईच्या मैदानांकडे जायचा. आश्वी खुर्दला जन्मलेला आणि डोंबिवलीत वाढलेला हा मुलगा पुढे पंच्याऐंशी कसोटी खेळला, २०२० मध्ये संघ छत्तीस धावांत कोसळल्यानंतरच्याच सामन्यात मेलबर्नला कर्णधार म्हणून ११२ करून उभा राहिला. जून २०२३ मध्ये, दीड वर्ष बाहेर राहून परतल्यावर, त्याने ओव्हलला जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात ८९ आणि ४६ केल्या. पुढच्याच महिन्यात वेस्ट इंडिजचा दौरा उपकर्णधार म्हणून केला, आणि मग दार बंद झालं. त्याच्यापुरतं कल्याण म्हणजे रणजी. तिकडे तो गेला, पण क्रिकेटमध्ये ती गाडी परत फिरेलच याची हमी नाही. माझी तक्रार आहे ती एवढीच.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: म्हातारे जागा अडवतात. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत १२८ जागा असतात. क्रमवारीतून किंवा पात्रता फेरीतून आलेल्याबद्दल कुणी बोलू नये, कारण त्याने ती जागा जिंकलेली असते. पण वाइल्ड कार्डच्या, म्हणजे आयोजकांच्या मर्जीच्या, मोजक्या जागा जुन्या नावाला दिल्या जातात तेव्हा एखाद्या विशीतल्या खेळाडूचा वर्षभराचा खर्च भागवणारी संधी जाते. तिथे आक्षेप मान्य करायलाच हवा. मात्र त्यातून वयाची सीमा निघत नाही. उपकाराची जागा आणि कमावलेली जागा यांतला फरक तेवढा निघतो. मार्च २०२४ च्या रणजी अंतिम सामन्याकडे बघा. त्या मोसमात रहाणेच्या धावा आटल्या होत्या, एकाहून अधिक सामन्यांत तो शून्यावर गेला होता. वानखेडेवर विदर्भाविरुद्ध दुसऱ्या डावात त्याने ७३ केल्या, आणि समोर एकोणीस वर्षांचा मुशीर खान १३६ करत होता. मोठ्याने जागा अडवली नसती तर धाकट्याला ती खेळी खेळताच आली नसती असं नाही, पण दुसरं टोक धरून ठेवणारं कुणीतरी लागतं. मुंबईने बेचाळिसाव्यांदा रणजी चषक जिंकला. शेवटचा बळी राहिला तेव्हा रहाणेने चेंडू धवल कुलकर्णीच्या हाती दिला. धवलचा तो निरोपाचा सामना होता. त्याने उमेश यादवचा त्रिफळा उडवला. मुलुंड आल्यावर उठून उभं राहणं असंच दिसत असावं.

लोकांनी 'आता का?' असं विचारावं तेव्हाच थांबावं, 'अजून का नाही?' अशी वेळ येऊ देऊ नये, हे वचन विजय मर्चंट यांच्या नावावर सांगितलं जातं आणि वयस्क खेळाडूंना ऐकवलं जातं. त्यांचीच नोंद तपासली तर ते शस्त्र बोथट होतं. मर्चंट यांची कसोटीतली सर्वोच्च खेळी, १५४, त्यांच्या शेवटच्या कसोटीतली आहे: दिल्ली, १९५१, इंग्लंडविरुद्ध, वय चाळीस. क्षेत्ररक्षण करताना खांदा दुखावला म्हणून ते थांबले. म्हणजे त्यांना थांबवलं ते खांद्याने. चाळिशीच्या अलीकडेच कुणी त्यांना सन्मानाने जायला सांगितलं असतं, तर ती खेळी झालीच नसती.

शरीर काय सांगतं हे ऐकण्याचं एक शास्त्र पुण्यात घडलं आहे. गुडघ्यांनी साथ सोडायला सुरुवात केली तेव्हा बोपण्णा अय्यंगार योगाकडे वळला. बी. के. एस. अय्यंगारांनी आसनांत लाकडी विटा, पट्टे, दोर आणि घडीच्या खुर्च्या आणल्या. ज्याचा हात जमिनीला टेकत नाही त्याच्या हाताखाली वीट ठेवायची; जमीन तेवढी वर येते, आसन तेच राहतं. २०१४ मध्ये ते गेले तेव्हा पंच्याण्णव वर्षांचे होते. उतारवयातही त्यांचा सराव चालू होता, आणि कमानीसारखं मागे वाकून ते बराच वेळ स्थिर राहत.